अंड्यात ठेवलेला निरोप

सेतुबावाछत्रम
२० जानेवारी २०२४

अहो,

परवा फोनवर पुन्हा तेच झालं. मी प्रयोगाचं सांगायला लागले की तुम्ही गॅसच्या सिलिंडरवर येता, मग माझा आवाज चढतो, आणि इथल्या खोल्यांच्या भिंती इतक्या पातळ आहेत की सकाळी नाश्त्याला सगळे माझ्याकडे दयेनं बघतात. म्हणून ठरवलंय, फोन फक्त आई आणि साईप्रियासाठी. आपण दोघांनी लिहायचं. पुण्याला एम.एस्सी. करताना गिरवलेली देवनागरी आपल्या घरात दोघांनाच वाचता येते. आई आपली तंजावुरी मराठी नुसती बोलतात, आणि तुमच्या लेकीला तर मराठी बोलायचाही कंटाळा. पत्र टेबलावर उघडं राहिलं तरी काळजी नाही.

तर ऐका. इतकी वर्षं तंजावूरच्या कॉलेजात बाटलीतले प्राणी दाखवून झाल्यावर मला पहिल्यांदा जिवंत समुद्र मिळालाय. बसनं तीन तासांवर होता, आणि आपण कधी आलो नाही! पहाटे जाळ्यात अडकलेले सी अर्चिन येतात, लिंबाएवढे काटेरी गोळे. मादीला इंजेक्शन दिलं की अंडी धारेनं खाली उतरतात, पिवळसर, बारीक रव्यासारखी. त्यावर नराचं पाणी टाकायचं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. एकाचे दोन, दोनाचे चार. मी जेवायला जायचं विसरते.

प्रश्न तुम्हाला ठाऊकच आहे. पहिले काही तास गर्भ स्वतःचा आरएनए फारसा तयार करत नाही, आईनं अंड्यात आधीच भरून ठेवलेल्या आरएनएवरून प्रथिनं बनवतो. डब्यात दिलेलं खातो म्हणा ना. पण आपली ही खाडी उथळ, उन्हाळ्यात तापते. उष्णतेपासून वाचवणाऱ्या प्रथिनाचा निरोपही, म्हणजे त्याचा आरएनए, आई अंड्यात ठेवून देते का? थंड समुद्रांतल्या अर्चिनवर काम झालंय, तिथं उत्तर ‘नाही’ आलंय. तिथल्या गर्भाला स्वतःची जनुकं जागी होईपर्यंत थांबावं लागतं. इथं काय होतं ते कुणी पाहिलेलं नाही.

इथल्या सागरी संशोधन केंद्राचे प्रमुख शेषगिरी तुमची आठवण काढत होते. म्हणाले, पुण्याला आमच्या वर्गात वैद्यनाथाचा हात सगळ्यांत स्थिर होता. मी सांगितलं की तुम्ही माझ्यासाठी इथल्या जागेचा स्वतःचा अर्ज मागे घेतलात. ते चहा ढवळत बसले.

तुमची
सुप्रभा


तंजावूर
२७ जानेवारी

प्रिय सुप्रभा,

पत्र पोस्टमननं आईच्या हातात दिलं. तिनं उलटसुलट केलं, वास घेतला आणि म्हणाली, “मासळीचा वास येतोय. सून कां येईना अजून? समुद्रांत तिचं काय ठेवलंय?” मी म्हणालो, अंडी. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

घरी सगळं ठीक. साईप्रिया बारावीच्या परीक्षेचा अभ्यास करते असं तिचं म्हणणं आहे. कॉफी मीच करतो, आणि ती तुझ्यापेक्षा चांगली होते असं माझं म्हणणं आहे.

कॉलेजात प्राचार्यांनी मीटिंगमध्ये तुझं अभिनंदन केलं. तू नव्हतीस म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आपल्याच बायकोसाठी टाळ्या वाजवताना हात कुठवर उचलायचे असतात, हे कुणी शिकवत नाही. आता व्हरांड्यात जो भेटेल तो विचारतो, “मॅडम कशा आहेत?” मी कसा आहे हे विचारायला अजून कुणी आलेलं नाही.

कामाबद्दल एवढंच सांगतो: घाई करू नकोस. पिपेट धरायला तुला मी शिकवलंय, तेव्हा तुझी सवय मला माहीत आहे. हवं ते दिसलं की तू दुसऱ्यांदा बघत नाहीस.

आणि समुद्रावर सुरू झालेलं पत्र शेषगिरीच्या चहावर का संपलं, तेही कधीतरी सांग.

वैद्यनाथ


सेतुबावाछत्रम
९ फेब्रुवारी

अहो,

आली! पट्टी आली!

आठ पेशींचे गर्भ घेतले. नवा आरएनए बनू न देणारं औषध पाण्यात घातलं, म्हणजे गर्भाचं स्वतःचं लिहिणं बंद. मग पाणी तापवलं. जे काही बनेल ते आईच्या साठ्यातूनच बनणार. आणि प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर बरोबर त्या प्रथिनाच्या जागी पट्टी, काजळाच्या बोटासारखी ठसठशीत. मी दुसऱ्यांदा बघितलं, तिसऱ्यांदाही बघितलं. तुमचा टोमणा लक्षात होता.

शेषगिरी खोलीतून धावत आले, चपला न घालता. म्हणाले, मार्चमध्ये कोचीला परिषद आहे, तिथं तू बोलायचंस. त्यांच्या घरून सगळ्यांसाठी पायसम आलं. एवढं कौतुक माझं शेवटचं कधी झालं होतं ते आठवेना.

तुम्हाला लगेच कळवते आहे. शेषगिरींनंतर तुम्हालाच.

जेलचा फोटो सोबत. नीट बघा आणि खरं काय वाटतं ते लिहा.

सुप्रभा


तंजावूर
१४ फेब्रुवारी

प्रिय सुप्रभा,

शेषगिरींनंतर. बरं.

फोटो पाहिला. मोठं भिंग घेऊन पाहिला. तू खरं काय वाटतं विचारलंस, म्हणून खरं लिहितो. ही पट्टी अर्चिनची आहे कशावरून?

तुमच्या टाक्यांत पाणी कुठलं? समुद्राचं. त्यात बॅक्टेरिया असतात आणि अंड्यांच्या चिकट आवरणाला ते लागलेले असतात. पाणी तापवलं की तेही हेच प्रथिन भराभर बनवतात, जवळजवळ याच आकाराचं. आणि तुझं औषध अर्चिनचं लिहिणं थांबवतं, पण समुद्रातल्या बहुतेक बॅक्टेरियांच्या आत ते शिरतच नाही. थोडक्यात, तू महिनाभर काय मोजलंस ते तुला माहीत नाही. घाणीचा फोटो काढून त्यावर पायसम खाल्लं असण्याची शक्यता आहे.

कोचीला उभी राहशील आणि मागच्या रांगेतला कुणी हाच प्रश्न विचारील तेव्हा शेषगिरी तुझ्या शेजारी नसेल. तो असल्या वेळी चहा ढवळतो.

आईचा गुडघा फार धरला आहे. रात्री कण्हते. तू चार दिवस येऊन जावंस हे बरं.

वैद्यनाथ


सेतुबावाछत्रम
४ मार्च

श्री. वैद्यनाथ यांस,

तुमच्या पत्रावरून मी घरी आले तेव्हा आई बृहदीश्वराच्या पेरिय कोविलला पायी जाऊन, प्रदक्षिणा करून परत येत होत्या. मला बघून त्यांनाच काळजी वाटली, मी का आले म्हणून. त्या चार दिवसांत तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत आणि मीही भांडले नाही, कारण साईप्रियाची परीक्षा तोंडावर होती. आता लिहिते.

एक. मी परत आले तर माझं कोचीचं भाषण रद्द झालेलं. शेषगिरींनी चहाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगितलं, “वैद्यनाथाचा फोन आला होता. म्हणाला, सुप्रभाचे निष्कर्ष कच्चे आहेत, तिला थांबव, उद्या तुझंच नाव जाईल.” माझी शंका मला पत्रात लिहिलीत, ठीक. मी तिचं उत्तर शोधण्याआधी ती माझ्या वरिष्ठांच्या कानात का घातलीत?

दोन. अर्ज तुम्ही मागे घेतला नव्हता. तोही तिथंच होता. दोन्ही वाचून निवड झाली. हे मी शेषगिरींना विचारलं नव्हतं, भाषणाचं बोलणं चाललं असता त्यांच्या तोंडून निघालं.

तीन. आम्हाला अर्चिन आणून देणारी मुत्तुलक्ष्मी म्हणाली, “तुमच्या घरचे येऊन गेले की, अम्मा. चष्म्याला दोरी, काखेत छत्री. माझी आख्खी टोपली घासाघीस न करता उचलली.” म्हणजे तुम्ही जेटीपर्यंत आलात. तिथून आमचं फाटक दिसतं. आणि मला न भेटता गेलात. शेषगिरी आणि मी किती वाजता कुठं असतो हे पाहायला आला होतात का? आत यायचं होतं. मी दोघांना समोरासमोर बसवून कॉफी दिली असती. ह्या वयात हा संशय मला लाजिरवाणा वाटतो, तुमच्यासाठी.

आता चौथं, जे लिहायला मला सगळ्यांत जड जातंय. पाणी बारीक गाळलं, अँटिबायोटिक घातलं, अंडी पुन्हापुन्हा धुतली आणि प्रयोग परत केला. पट्टी पुसट झाली. एका खेपेला तर नुसता संशय म्हणावा इतकी. पहिली जी ठसठशीत होती तिच्यातला मोठा भाग बॅक्टेरियाचा होता. तुम्ही बरोबर होतात.

पोट भरलं असेल.

सुप्रभा


तंजावूर
९ मार्च

प्रिय सुप्रभा,

पत्र जेवायच्या टेबलावर वाचलं. ‘पट्टी पुसट झाली’ इथं आलो आणि मी हसलो, मोठ्यानं. साईप्रिया समोर रसायनाचं पुस्तक घेऊन बसली होती. “काय झालं अप्पा?” मी म्हणालो, “तुझ्या अम्माचा प्रयोग चुकला.” तिनं पुस्तक मिटलं. म्हणाली, “मग तुम्ही हसता कां?” आणि ताट उचलून आत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी तमिळमध्येच बोलते, जेवढ्यास तेवढं.

शेषगिरीचा संशय? तो असता तर बरं झालं असतं. बायकोवर संशय घेणाऱ्या नवऱ्याला निदान लोक ओळखतात, समजूत घालायला येतात. मला जे होतंय त्याला कुणाकडे जाऊन काय म्हणू? की तिला पट्टी दिसली, मला दिसली नाही, म्हणून मला झोप येत नाही?

जेटीवर मी तुम्हा दोघांना बघायला आलो नव्हतो. अर्चिन घ्यायला आलो होतो. तुझा प्रयोग कॉलेजात स्वतः करून बघायचा होता. तुझ्याआधी. दोन डब्यांत समुद्राचं पाणी, त्यात ते गोळे, डबे बसमध्ये पायाशी. पट्टुकोट्टैपर्यंत ठीक होतं. ओरत्तनाडुला बस बंद पडली. ऊन असं की सीटला हात लागेना. मी पाण्यात वारा घालत बसलो, पेपरानं. शेजारच्या बाईनं विचारलं, “काय आहे आत?” मी म्हणालो, “माझ्या बायकोचं काम.” तिला वाटलं, मी तुला मदत करतोय. तिनंही थोडा वेळ वारा घातला.

कॉलेजात पोचेपर्यंत काटे गळायला लागले होते. तरी इंजेक्शन दिलं. जे खाली आलं ते अंडी नव्हती, चोथा होता. प्रयोगशाळेत इतका वास भरला की शिपायानं उंदीर मेला म्हणून कपाटं सरकवली. मी त्याला मदत केली शोधायला.

झालं. आता कामाचं. तुझी पुसट पट्टी खरी की खोटी, हे एका तपासणीनं कायमचं ठरेल. ती काय ते मला सुचलंय. बॅक्टेरियाचा प्रश्नच उरणार नाही अशी युक्ती आहे. पण ती मी इथं लिहीत नाही. आधी तू ठरव, निबंधावर नावं कुणाकुणाची. पहिलं तुझं राहू दे. दुसरं माझं हवं. एवढं तू मला देणं लागतेस असं मला वाटतं, पिपेट धरायला शिकवल्यापासूनचं.

वैद्यनाथ


तंजावूर
२६ मार्च

अहो,

हे पत्र केंद्राच्या जीपबरोबर पाठवते आहे, संध्याकाळी तुमच्या हातात पडेल.

आपण दोघं बसस्टँडवर उभ्याउभ्या किल्ल्या बदलतो आहोत असं सकाळी कुणाला वाटलं असेल? परीक्षा संपली त्याच दिवशी पोरीला कांजिण्या निघाव्यात, आणि पन्नाशीच्या नवऱ्याला त्या लहानपणी झालेल्याच नसाव्यात! आईंनी तुम्हाला घराबाहेर काढून तिकडे माझ्या खोलीवर धाडलं आणि मला इथं बोलावलं ते बरं केलं. दाराला कडुनिंब बांधलाय. साईप्रियाला ताप आहे, पण खाते आहे. अंगावर फोड आलेत म्हणून आरशात बघून रडली, मग माझ्याकडे फोन मागितला, म्हणजे बरी आहे.

जाता जाता तुम्ही विचारलंत, नऊ तारखेच्या पत्राचं उत्तर का नाही दिलंस. देते.

तुमची युक्ती ही ना: प्रथिन बघत बसायचंच नाही. नराचं पाणी लागण्याआधीच्या, नुसत्या अंड्यातला आरएनए काढायचा आणि त्यात तो निरोप आहे का ते बघायचं. निरोपाची अक्षरं अर्चिनची वेगळी, बॅक्टेरियाची वेगळी, त्यामुळे घोटाळा व्हायलाच नको. तिथं सापडला तर तो आईनंच ठेवलेला, कारण दुसरं कुणी तिथं आलेलंच नाही.

ही गोष्ट आमच्या फळ्यावर फेब्रुवारीच्या शेवटापासून लिहिलेली आहे. तुम्ही मूठ आवळून बसला होतात तेव्हा मी त्यासाठी लागणारं सामान येण्याची वाट बघत होते. आज आत गेलात की डाव्या हाताला फळा दिसेल. अक्षर माझं आहे.

सामान काल आलं आणि मी इथं. अर्चिन आता रिकामे व्हायला लागलेत, आठवडाभरात अंडी मिळणार नाहीत, मग पुढचं वर्ष. शेषगिरी दिल्लीहून सोमवारी येतील. बाकीच्यांना आरएनए काढायचा सराव नाही. तुम्हाला आहे.

देणं वगैरे मी मानत नाही. तुमचा फोन मी विसरलेही नाही. पण करणाराचं नाव निबंधावर जातं, एवढा नियम मी पाळते. पहिलं माझं, शेवटचं शेषगिरींचं, मध्ये तुमचं. केलंत तर. नाही केलंत तर तसं कळवा, मी पुढच्या वर्षापर्यंत थांबेन. आणि काम माझ्या पद्धतीनं करायचं. पद्धत टेबलावर चिकटवली आहे. एकही पायरी सुधारायची नाही.

तिथं माझ्या खोलीत कोपऱ्यात मुंग्या होतात, भात उघडा ठेवू नका.

सुप्रभा


सेतुबावाछत्रम
२ एप्रिल

प्रिय सुप्रभा,

फोनवर सांगितलं असतं तर माझा आवाज तुला ऐकू आला असता. म्हणून लिहितो. जीप उद्या सकाळी निघते.

आल्या दिवशी फळा पाहिला. अक्षर तुझंच आहे. नंतर मुत्तुलक्ष्मी अर्चिन घेऊन आली, मला ओळखून हसली आणि म्हणाली, “ह्या खेपेला आत आलात!” मी तिच्या हातातली टोपली घेतली.

अंडी पहिले दोन दिवस मिळाली नाहीत. तिसऱ्या दिवशी एका मादीनं दिली, ओंजळभर. तुझ्या पद्धतीप्रमाणे धुतली. एक पायरी मला मूर्खपणाची वाटली, तरी केली. आरएनए काढला. मग काल ते मशीन लावलं, निरोप असला तर पडद्यावर रेघ चढवणारं, आणि पुढ्यात बसलो. जेवायला गेलो नाही.

रेघ चढली, सुप्रभा. नुसत्या अंड्यात, कोणी न शिवलेल्या. लवकर चढली आणि वर गेली, म्हणजे साठा भरपूर. बॅक्टेरियाच्या अक्षरांसाठी लावलेल्या नळीत काही नाही. डीएनए मिसळला असेल तर कळावं म्हणून जी कंट्रोलची नळी ठेवायची, तीही कोरडी. ती कंट्रोलची नळी मी दोनदा लावली. पहिल्यांदा नियम म्हणून. दुसऱ्यांदा ती बिघडेल या आशेनं. हे तुला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. दुसऱ्यांदाही कोरडी.

इथली आई अंड्यात तो निरोप ठेवून देते. तुझं म्हणणं खरं आहे. थंड समुद्रांबद्दल इतरांनी लिहिलं ते इथं लागू नाही, आणि ते पहिल्यांदा तुला सुचलं.

मी तासभर एकटा होतो. जगात हे फक्त मला माहीत होतं. इतकी वर्षं मला नेमकं तेवढंच हवं होतं, आणि तास संपेपर्यंत ते माझ्याकडे होतं. मग शेषगिरी डबा घेऊन आला. समोर बसला. म्हणाला, “काय आलं रे?”

मी उघडा कागद पालथा केला. म्हणालो, “सुप्रभाला विचार. तिचं आहे.”

तो हसला, खांद्यावर थाप मारली, मोठ्या मनाचा आहेस म्हणाला. मी त्याला म्हणालो, “नाही रे. पाणी दे जरा.” त्यानं दिलं.

अजून मला आनंद झालेला नाही. होईल असंही वचन देत नाही. उद्या कॉलेजात पुन्हा टाळ्या वाजतील आणि पुन्हा माझे हात अर्ध्यावर अडखळतील. पण तुझ्याआधी हे कुणाला सांगितलं नाही, शेषगिरीलाही नाही. आकडे या पाकिटात आहेत, आख्खे. माझ्याकडे नक्कल ठेवलेली नाही.

साईप्रियाच्या खपल्या धरल्या असतील तर तू निघ. अंडी अजून दोन दिवस मिळतील असं मुत्तुलक्ष्मी म्हणते. पुढच्या खेपेला मशीनसमोर तू बस. मी धुवायला उभा राहतो.

वैद्यनाथ